तेलाचा गुण बियांत कीं घाण्यांत?



खिचडी ताटांत पडली कीं तिच्यावर कच्च्या तेलाची धार सोडावयाची, ही आमच्या खानदेशांतली चाल आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा घेतला तरी त्यावर तेल येतेंच, आणि भाजलेल्या वांग्यांच्या भरतास तर त्यावांचून रुचि नाहीं. जेथें तेल न तापवितां खाल्लें जातें, तेथें त्याची परीक्षा जीभ व नाक हींच करतात. दाण्यांचा डबा चार महिने बंद राहिला, उघडल्यावर एक दाणा तोंडांत टाकला आणि गृहिणीच्या कपाळावर आंठी आली, कीं दाणे खवट झाले हें घरांत सर्वांस समजतें. दोष बहुधा डब्यास, दमट हवेस किंवा दुकानदारास दिला जातो. हवेचा व दमटपणाचा त्यांत हात असतो हें खरें. परंतु दाणा किती लवकर खवट व्हावा, ह्याचा बराचसा निर्णय तो शेतांत भरत असतांनाच झालेला असतो.

हा विषय आज बोलावयास घेण्याचें एक कारण आहे. शहादे तालुक्यांतला माझा एक जुना विद्यार्थी मागें भेटावयास आला होता. त्यानें कोठून तरी खटपट करून नव्या भुईमुगाचें थोडें बियाणें मिळविलें, वीस गुंठ्यांत तें निराळें पेरलें, शेंगा निराळ्या वाळविल्या, आणि पोतीं बाजारांत नेलीं. घेणाऱ्यानें शेंग फोडून पाहिली, नेहमींचाच भाव सांगितला आणि पोतीं नेहमींच्याच ढिगावर रितीं केलीं. तो मला म्हणाला, "गुरुजी, ह्या दाण्याचें तेल निराळें आहे असें मला सांगितलें होतें. दिसावयास तर दाणा तसाच आहे. मग निराळेपणा आहे कशांत? आणि असला, तर तो ढिगांत कां गेला?" प्रश्न दोन होते आणि दोन्हीहि योग्य होते. पहिल्याचें उत्तर शास्त्राचें आहे, दुसऱ्याचें व्यवहाराचें. आज मी दोहोंचें उत्तर यथाशक्ति देणार आहें.

प्रथम तेल म्हणजे काय तें पाहूं. कोणतेंहि खाद्य तेल घ्या; त्याची घडण एकाच नमुन्याची असते. ग्लिसरीन नांवाचा एक लहानसा कणा आणि त्याला जोडलेल्या तीन लांब माळा. ह्या माळांना मेदाम्लें म्हणतात. शेंगदाणा, करडई, जवस, तीळ ह्या आपल्या नेहमींच्या तेलबियांत बहुतेक माळा अठरा कार्बन अणूंच्या असतात. मग तेलातेलांत फरक कां पडतो? तो मणी एकमेकांस कसे जोडले आहेत त्यावरून. सर्व जोड एकेरी असले तर माळ सरळ राहते, सरळ माळा एकमेकींस लागून दाट बसतात, आणि पदार्थ थिजतो. एके ठिकाणीं दुहेरी जोड आला कीं माळेला बांक येतो. मग त्या दाट बसत नाहींत व तेल पातळ राहतें. एकही दुहेरी जोड नसलेलें आम्ल तें स्टिअरिक, एक असलेलें ओलेइक, दोन असलेलें लिनोलेइक, आणि तीन असलेलें लिनोलेनिक. शेवटचीं दोन नांवें कानाला इतकीं सारखीं लागतात कीं घोटाळा व्हावयाचाच. म्हणून आजच्यापुरतीं आपण ह्या चौघांस अनुक्रमें सरळ, एकबंधी, द्विबंधी व त्रिबंधी अशीं नांवें देऊं.

आतां आपल्या भोंवतालचीं तेलें ह्या दृष्टीनें पहा. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्यांत, अक्कलकुवा व धडगांवकडे, मोहाच्या बियांचें म्हणजे टोळंबीचें तेल काढतात. त्यांत सरळ आम्लांचा वांटा चाळीस टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणून थंडींत तें तुपासारखें थिजतें. शेंगदाण्याच्या तेलांत एकबंधी आम्ल साधारणतः ४० ते ५० टक्के व द्विबंधी ३० टक्क्यांच्या आसपास असतें. साध्या करडईच्या तेलांत द्विबंधी आम्लच ७५ टक्क्यांपर्यंत असतें. आणि जवसाच्या तेलांत निम्मा भाग त्रिबंधी असतो.

हे आंकडे केवळ पाठ करण्यासाठीं नाहींत. हवेंतील प्राणवायु मेदाम्लावर घाला घालतो तो ह्या दुहेरी जोडांच्या शेजारींच. एकबंधी आम्लाच्या मानानें द्विबंधी आम्लाचा प्राणवायूशीं संयोग सुमारें दहापट वेगानें होतो, आणि त्रिबंधी आम्लाचा त्याच्याहि सुमारें दुप्पट वेगानें. खवटपणा म्हणजे ह्याच संयोगाचा परिणाम. जवसाचें तेल लांकडावर लावलें कीं कांहीं दिवसांत त्याचा कठीण पापुद्रा बनतो. म्हणून रंगाच्या व रोगणाच्या कारखान्यांत त्याला मान मिळाला आणि स्वयंपाकघरांत तें मागें पडलें. तेल एकच चुलींत तापवा, एकाच घाण्यांत गाळा. हा स्वभाव बदलत नाहीं, कारण तो बियांतून आलेला असतो.

बियांत तो येतो कसा? बी भरत असतांना त्याच्या पेशींत दोन-दोन कार्बन जोडीत माळ वाढविली जाते. ती अठरांवर पोंचली कीं दुहेरी जोड घालण्याचें काम सुरू होतें. हें काम विकरांचें, म्हणजे ज्यांना एन्झाइम म्हणतात त्यांचें. आपण त्यांना कारागीर म्हणूं. कारागीर तीन आहेत आणि ते एका रांगेंत बसतात. पहिला सरळ माळेंत पहिला दुहेरी जोड घालून ती एकबंधी करतो. दुसरा ती एकबंधी माळ उचलून द्विबंधी करतो. तिसरा द्विबंधीची त्रिबंधी करतो. ज्या पिकाच्या बियांत दुसरा कारागीर जोमदार, त्याचें तेल करडईसारखें. ज्यांत तिसराहि जोमदार, त्याचें जवसासारखें. आणि ज्यांत दुसराच मंद, त्याचें तेल एकबंधी आम्लापाशीं थबकलेलें. प्रत्येक कारागीर कसा घडवावा ह्याचा लेख ज्या अनुवंशिक घटकांत असतो त्यास जनुक म्हणतात. दुसऱ्या कारागिराच्या जनुकाला शास्त्रज्ञांनीं फॅड-२ आणि तिसऱ्याच्या जनुकाला फॅड-३ अशीं नांवें दिलीं आहेत.

येथें एक गोष्ट आपल्या शरीराविषयीं सांगितली पाहिजे. ह्या तिघांपैकीं पहिल्याच्या जातीचा कारागीर मनुष्याच्या शरीरांत आहे. दुसरा व तिसरा नाहींत. म्हणजे एकबंधी आम्ल आपण स्वतः बनवूं शकतों, परंतु द्विबंधी व त्रिबंधी आम्लें आपणांस अन्नांतूनच घ्यावीं लागतात. अमेरिकेंत जॉर्ज व मिल्ड्रेड बर ह्या दांपत्यानें १९२९ सालीं उंदरांना मेदरहित अन्न देऊन हीं आम्लें जीवनास आवश्यक आहेत असें दाखवून दिलें. तेव्हां द्विबंधी म्हणजे वाईट आणि एकबंधी म्हणजे चांगलें, असा सोपा निवाडा कोणी करूं नये. तळण्यास व सांठवणीस एक तेल योग्य, आणि थोड्या प्रमाणांत कच्चें खाण्यास दुसरें. आजीच्या हातची जवसाची चटणी ह्या हिशेबांत अगदीं बरोबर बसते.

आतां करडईची हकीकत ऐका, कारण ती आपल्याच देशांतून सुरू होते. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठांत पी. एफ्. नौल्स हे करडईचे मोठे अभ्यासक होते. देशोदेशींचें बियाणें जमवून ते त्याची परीक्षा करीत. परीक्षेचें एक जुनें साधन म्हणजे आयोडीन. दुहेरी जोड जितके अधिक, तितकें तेल आयोडीन अधिक शोषून घेतें. त्यावरून जोडांची मोजदाद होते. करडईचें तेल आयोडीन पुष्कळ शोषितें. परंतु भारतांतून गेलेल्या बियाण्यांत कांहीं झाडें अशीं निघालीं कीं त्यांचें तेल फारच थोडें आयोडीन घेई. हा गुण वंशांत कसा उतरतो, ह्याचा निबंध नौल्स व मुतवकील ह्यांनीं १९६३ सालीं प्रसिद्ध केला. हा गुण मुख्यतः एकाच जनुकाचा होता, आणि तो दबणारा होता. म्हणजे आई व बाप दोघांकडून तो आला तरच पूर्ण प्रकट होई. शाळेंत मेंडेलचे वाटाणे शिकलेल्या प्रत्येकास हें गणित माहीत आहे: दुसऱ्या पिढींत चारांत एक. ह्याच बियाण्याच्या आधारानें त्या दशकांत तेथें यूसी-१ नांवाचा वाण निघाला. त्याच्या तेलांत एकबंधी आम्ल ७५ टक्क्यांच्या वर. म्हणजे साध्या करडईचें प्रमाण अगदीं उलटें झालें.

ह्या झाडांत बिघडलें होतें काय? त्याचें उत्तर मिळावयास अर्धें शतक लागलें. जनुकाचा लेख चार अक्षरांच्या लिपींत असतो आणि तो तीन-तीन अक्षरांचा एक शब्द ह्या रीतीनें वाचला जातो. समजा, मीं फळ्यावर लिहिलें: कमल सदन नगर भवन. प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आतां त्यांतला स पुसून टाका आणि तीन-तीन अक्षरें घेऊन पुन्हां वाचा: कमल दनन गरभ वन. पहिला शब्द तेवढा शाबूत, पुढचे सर्व निरर्थक. करडईच्या बियांत काम करणाऱ्या फॅड-२ जनुकाच्या मध्यभागीं असेंच एक अक्षर गळालें आहे, असें २०१२ व २०१३ ह्या सालांत प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. लेख मध्येंच तुटतो, दुसरा कारागीर घडतच नाहीं, आणि माल एकबंधी अवस्थेंत सांठत जातो. एवढ्या मोठ्या फरकाचें मूळ एका अक्षरांत!

कोणी विचारील कीं कारागीर नाहींसा झाला तर झाड जगतें कसें? पानांना व मुळांना द्विबंधी व त्रिबंधी आम्लें लागतातच. शंका रास्त आहे. करडईंत फॅड-२ कुळांतलीं जनुकें एक-दोन नसून अकरा सांपडलीं आहेत. बियांतलें एक बंद पडलें तरी झाडाच्या इतर भागांची गरज कुळांतलीं दुसरीं जनुकें भागवितात. म्हणून झाड निरोगी आणि तेल मात्र निराळें, असें घडूं शकलें.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या भुईमुगाकडे येतों. खानदेशांत भुईमुगाचें संशोधन नवें नाहीं. जळगांवच्या तेलबिया संशोधन केंद्राचा जे. एल. २४ उर्फ फुले प्रगती हा वाण देशभर पसरला. अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें व मुंबईजवळील तुर्भ्याच्या भाभा अणु संशोधन केंद्रानें मिळून काढलेला टॅग-२४ हाहि तसाच नांवाजला. परंतु ह्या वाणांचा भर उत्पन्नावर व लवकर तयार होण्यावर होता. तेलाची जात बदलणें हा निराळा उद्योग आहे, आणि भुईमुगांत तो करडईपेक्षां कठीण आहे.

कठीण कां, तें सांगतों. आपला भुईमूग दोन रानटी जातींच्या संकरांतून जन्मला आहे. दोघींचाहि संपूर्ण वारसा तो बाळगतो. त्यामुळें बहुतेक जनुकांच्या दोन जोड्या त्याच्याजवळ असतात. एका जोडींतला दुसरा कारागीर निकामी झाला तरी दुसऱ्या जोडींतला काम ओढून नेतो आणि तेलांत मोठा फरक दिसत नाहीं. दोन्ही जोड्या एकदम बिघडल्या तरच गुण प्रकट होतो. अमेरिकेंतील फ्लॉरिडा विद्यापीठांत सुमारें पांचशे वाण तपासतांना असें एक कुळ हातीं लागलें. त्यांत एकबंधी आम्ल ८० टक्के व द्विबंधी अवघें २ टक्के. ही बातमी १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. एका जोडींत एक अक्षर बदललें होतें. आपल्या फळ्यावरच्या उदाहरणांत सदन ह्याचें वदन व्हावें तसें. शब्द वाचतां येतो, पण काम बिघडतें. दुसऱ्या जोडींत एक अक्षर जास्तीचें शिरलें होतें, आणि पुढचा सर्व लेख घसरला होता. अशा कुळाचा साध्या भुईमुगाशीं संकर केला तर दुसऱ्या पिढींत चारांत एक नव्हे, सोळांत एक दाणा हव्या त्या गुणाचा निघतो. बाकीचे पंधरा बाहेरून हुबेहूब तसेच.

मग तो सोळावा दाणा ओळखावा कसा? दाणा दळून पाहिला तर पेरावयास उरत नाहीं. ह्यावर १९६३ सालीं कॅनडांत डाऊनी व हार्वे ह्यांनीं मोहरीच्या जातीच्या एका पिकांत एक सुंदर युक्ति दाखविली. बियांतील दळाचा थोडासा भाग काढून त्याचें तेल तपासावयाचें आणि अंकुरासह उरलेला भाग पेरावयाचा. भुईमुगांत तर हें अधिकच सोपें, कारण दाणा मोठा. अंकुराच्या विरुद्ध टोंकाचा लहान तुकडा कापला तरी दाणा उगवतो. आतां ह्यापुढेंहि मजल गेली आहे. कोंवळ्या पानाचा तुकडा घेऊन फॅड-२ चा लेखच वाचतां येतो, आणि रोप फुलावर येण्यापूर्वींच नकोशीं रोपें बाजूस सारतां येतात. हैदराबादजवळील पाटनचेरूची इक्रिसॅट संस्था व जुनागडचें भुईमूग संशोधन संचालनालय ह्यांनीं ह्या रीतीनें सिद्ध केलेले गिरनार-४ व गिरनार-५ हे वाण २०२० सालीं प्रसृत झाले. अधिक ओलेइक आम्लाचे भारतांतले ते पहिले भुईमूग. त्यांत एकबंधी आम्लाचें प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आहे.

शेताचा व हवेचा कांहींच संबंध नाहीं असें मात्र समजूं नये. दाणा भरतांना हवा थंड असली तर दुसरा कारागीर अधिक काम करतो, उष्ण असली तर कमी. त्यामुळें साध्या भुईमुगाचें तेल हंगामागणिक थोडें बदलतें. नव्या वाणांत हा चढउतार फारच कमी राहतो, कारण बदलावयास कारागीरच शिल्लक नसतो.

तिसऱ्या कारागिराचीहि गोष्ट थोडक्यांत सांगतों. ऑस्ट्रेलियांत ॲलन ग्रीन ह्यांनीं जवसाच्या बियांवर रसायनाचा प्रयोग करून लेखांत मुद्दाम बिघाड घडविले. दोन निरनिराळ्या झाडांत त्रिबंधी आम्ल कमी झालेलें दिसलें. त्या दोहोंचा संकर केल्यावर जी संतति निघाली तिच्यांत त्रिबंधी आम्ल २ टक्क्यांच्याहि खालीं आलें. हें काम १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. जवसांतहि तिसऱ्या कारागिराचीं दोन जनुकें आहेत व दोन्ही बंद पडावीं लागतात, असें पुढें सिद्ध झालें. आपल्याकडे भाभा अणु संशोधन केंद्रानें उत्परिवर्तनाच्याच मार्गानें टीएल-९९ हा जवसाचा वाण सिद्ध केला. त्यांत त्रिबंधी आम्ल ५ टक्क्यांहून कमी आहे व तो २०१९ सालीं प्रसृत झाला. म्हणजे जवसाचें तेल जेवणांत येण्याचा एक मार्ग मोकळा झाला. परंतु ज्यास चटणींतून त्रिबंधी आम्ल हवें आहे त्यानें जुनें जवसच घेतलें पाहिजे. दोन्ही जवसें दिसावयास जवसच. येथेंहि ढिगाचा प्रश्न पुन्हां उभा राहतो.

हा सर्व खटाटोप कशासाठीं, हें आतां पाहूं. तेल खवट होऊं नये म्हणून कारखान्यांनीं पूर्वीं एक उपाय काढला: तेलांत हायड्रोजन वायु सोडून दुहेरी जोड मोडावयाचे. त्यांतून वनस्पति तूप निर्माण झालें. परंतु जोड मोडतांना कांहीं माळा अर्धवट राहून वांकड्याच्या सरळ होतात. त्यांनाच ट्रान्स मेद म्हणतात व त्यांपासून हृदयास अपाय होतो. म्हणून आपल्या देशांत १ जानेवारी २०२२ पासून खाद्य तेलांत व वनस्पति तुपांत असल्या मेदास २ टक्क्यांची मर्यादा घालण्यांत आली. कारखान्यानें वायु सोडून जें टिकाऊपण मिळविलें, तें अधिक एकबंधी बियाणें शेतांतच, कोणताहि अपाय न ठेवतां देतें. शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, कूट हें सर्व ज्या घरांत महिनेमहिने सांठवितात, त्या घराला ह्याचें मोल निराळें सांगावयास नको.

आतां दुसरा प्रश्न: गुण आहे, तर पोतें ढिगांत कां गेलें? कारण डोळ्यांस न दिसणाऱ्या गुणाला बाजारांत भाव नसतो. मिरचीचा रंग दिसतो, तिखटपणा नाकाला झोंबतो. नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारांत त्यावर भाव ठरतो. फॅड-२ चें गळालेलें अक्षर कोणाला दिसावें? परीक्षेचें साधन खरेदीच्या जागीं नाहीं, निराळें पोतें ठेवावयास जागा नाहीं, आणि निराळें तेल मागणारें गिऱ्हाईक नाहीं. म्हणून घेणाऱ्याचाहि सर्वस्वीं दोष म्हणवत नाहीं. परंतु परिणाम काय होतो? दोन पोतीं चांगलीं, अठ्ठाणव पोतीं नेहमींचीं, असें मिसळलें कीं घाण्यांतून नेहमींचेंच तेल निघतें. अनेक वर्षांचें संशोधन एका क्षणांत ढिगांत मिसळून जातें. आणि शेतकरी पुढच्या वर्षीं तें बियाणें पेरीत नाहीं.

करडईच्या बाबतींत तर मिसळणें शेतांतच सुरू होतें. तेल सांठतें तें बियांतल्या गर्भाच्या दळांत, आणि गर्भ हा आई व बाप दोघांचाहि असतो. करडईच्या फुलांवर मधमाश्या येतात. शेजारच्या साध्या करडईचा पराग अधिक एकबंधी वाणाच्या फुलावर पडला, तर त्याच हंगामांतल्या त्या बियांत दुसरा कारागीर हजर होतो आणि गुण दबतो. म्हणून करडईचे दोन वाण पुरेसें अंतर राखूनच लावले पाहिजेत. भुईमूग ह्या दृष्टीनें सोपा. त्याचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें, म्हणून शेतकऱ्यानें शेंगा निवडून, खळ्यावर निराळ्या ठेवून जपल्या तर वाण पुष्कळ वर्षें शुद्ध राहतो.

करडईची लागवड महाराष्ट्रांत गेल्या तीन-चार दशकांत फार घटली आहे. कांट्यांमुळें काढणीला माणसें मिळत नाहींत, पाणी असेल तेथें हरभरा व गहूं परवडतो, आणि बाहेरचें पाम तेल स्वस्त पडतें. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें बिनकांट्यांच्या करडईवर मोठें काम केलें आहे. ही संस्था १९६८ सालीं स्थापन झाली. तरीहि आपला देश खाद्य तेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागवितो. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत केंद्र सरकारनें तेलबियांसाठीं १०,१०३ कोटी रुपयांचें राष्ट्रीय अभियान मंजूर केलें. पैसा व बियाणें हीं दोन्ही येतील. परंतु निराळें तें निराळें ठेवण्याची संवय पैशानें येत नाहीं.

आणखी एक गोष्ट मनास लागून राहते. करडईचा तो मौल्यवान जनुक कोणी प्रयोगशाळेंत निर्माण केलेला नव्हता. तो भारतांतून गेलेल्या बियाण्यांत होता. इकडच्या कोणा अनाम शेतकऱ्याच्या रानांत, इतर करडईच्या गर्दींत, कोणासहि न कळतां तो पिढ्यान्‌पिढ्या पेरला गेला. परीक्षा करणारा भेटला म्हणून तो कळला. आपण जुनें बियाणें टाकून देतों तेव्हां असें कोणतें अक्षर आपल्या हातून जातें, हें आपणांस ठाऊक नसतें. धडगांव भागांत बाएफ संस्थेच्या साह्यानें आदिवासी शेतकऱ्यांनीं मका व ज्वारी ह्यांचे जुने स्थानिक वाण जपण्यासाठीं सामुदायिक बियाणें पेढी उभी केली. तीळ, कारळा, जवस, करडई, भुईमूग ह्यांचीहि जुनीं बियाणीं अशाच काळजीनें जपलीं जावींत.

माझ्या विद्यार्थ्यास मीं जें सांगितलें तेंच आपणांसहि सांगतों. त्याला म्हटलें, "बाबा, गुण बियांत आहे, घाणा तो वाढवूं शकत नाहीं, पण ढीग मात्र तो बुडवूं शकतो. तेव्हां ढीग टाळ. बियाण्यापुरत्या शेंगा आधीं बाजूला काढ, बाकीच्यांचें तेल ओळखीच्या घाण्यावर निराळें काढून घे, आणि ज्यांना कळतें अशा दहा घरांना दे." त्यानें तसें केलें. पहिल्या वर्षीं घरें दहा नव्हे, सहाच मिळालीं. त्यांत एक आमचें होतें. भाव बाजारापेक्षां किलोमागें थोडा अधिक ठरला आणि कोणी कुरकुर केली नाहीं. त्या दाण्यांचा डबा आमच्या घरीं पावसाळाभर राहिला. दिवाळीच्या सुमारास उघडला, तेव्हां सौभाग्यवतींनीं एक दाणा तोंडांत टाकला, कांहीं बोलल्या नाहींत, आणि कूट करावयास घेतलें.

शहरांतल्या श्रोत्यांस एवढीच विनंति आहे. तेलाचा डबा घेतांना त्यावर एकबंधी व बहुबंधी मेदाचे आंकडे पुष्कळदा छापलेले असतात, ते वाचा. घाण्यावर गेलांत तर दाणा कोणत्या वाणाचा, हें विचारा. आज घाणेवाल्याजवळ त्याचें उत्तर नसेल. परंतु दहा गिऱ्हाइकांनीं तोच प्रश्न विचारला, तर अकराव्यास सांगतां यावें म्हणून तो शेतकऱ्यास विचारूं लागेल. आणि ज्या दिवशीं शेतकऱ्यास हा प्रश्न विचारला जाईल, त्या दिवसापासून तो निराळें पोतें बाजूला ठेवील.